अजून दीड हजार टाका

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या खोक्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे त्या खोक्याच्या आत, पंख्याखाली बसलेला, मारी बिस्किटाहून लहान असा एक चौकोनी तुकडा, हे मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. डालड्याला तूप म्हणू नये असं पंगतीत बसून सांगणाऱ्याकडे लोक जसे बघतात, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीही सीपीयूच म्हणू लागलो.

हा सीपीयू आम्ही २०१२च्या दसऱ्याला घेतला. डोंबिवलीतच जोडून घेतलेला, म्हणजे 'असेंबल्ड'. त्या वेळी हार्ड डिस्क महाग होती, कारण २०११मध्ये थायलंडला पूर आला होता आणि हार्ड डिस्कचे मोठमोठे कारखाने पाण्यात गेले होते. थायलंडच्या पुराचा भुर्दंड डोंबिवलीच्या बँक कारकुनाने का भरायचा, असं मी दुकानदाराला विचारलं. २६ जुलैच्या पुरात आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं, तेव्हा बँकॉकमध्ये काही महागल्याचं ऐकिवात नव्हतं. तो म्हणाला, "मग साहेब, तीनशेवीस जीबीची घ्या." मी पाचशेचीच घेतली. खोड तेव्हापासूनची आहे.

घरी आणल्यावर आईने त्याची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, वर आपट्याचं पान. कुंकू थोडं सढळ हाताने पडलं आणि पुढच्या बाजूचा डावीकडचा यूएसबी पोर्ट त्याच दिवशी गेला. आज तेरा वर्षांनीही त्यात पेनड्राइव्ह घातला तर टोक लाल होऊन बाहेर येतं. बाकी सगळं चालत होतं.

चालत होतं म्हणजे, बटण दाबायचं, चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळायचा, प्यायचा, कप विसळून पालथा घालायचा, की तोवर पडद्यावरचं गोल चक्र फिरायचं थांबलेलं असे. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. अठ्ठेचाळीस सभासदांच्या मेंटेनन्सचा हिशोब एक्सेलमध्ये असतो. ती फाइल उघडेपर्यंत दुसरा चहा. डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीचं कारण विचारलं तेव्हा मी प्रामाणिकपणे कॉम्प्युटर असं सांगितलं.

दर पावसाळ्यात तो पीं-पीं करून अडून बसायचा. मग झाकण उघडायचं, रॅमची पट्टी उपसायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि पट्टी परत खाचेत बसवायची. दातांवर चढलेला मळ निघतो, म्हणून हा इलाज लागू पडतो. मुलगा दहावीला असताना भूमितीच्या पेपराला खोडरबर सापडेना, तेव्हा त्याने थेट सीपीयूच्या मागे हात घातला होता.

यंदा मात्र मायक्रोसॉफ्टनेच मुहूर्त काढला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची सेवा बंद. विंडोज ११ घ्यावं, तर त्याला स्थळ कुलीन लागतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, शिवाय टीपीएम २.० नावाची कुलूपकिल्लीची सोय. आमचा दुसऱ्या पिढीतला. आता पिढ्यांवर आलं म्हणजे वाद संपला. माझ्याच आठ पिढ्या शोधायच्या तर त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत बघावं लागेल.

दसरा २ तारखेला होऊन गेला होता. मी घरात जाहीर केलं, की दिवाळीच्या आत कॉम्प्युटर अपग्रेड करायचा. बजेट पंधरा हजार. एक रुपया वर नाही.

"पण करायचंय काय तुम्हाला त्यावर?" बायकोने विचारलं.

वर्षानुवर्षं कॉम्प्युटर विकणाऱ्यांनी हा प्रश्न ग्राहकाला पडू दिलेला नाही, आणि हिने तो पोळ्या लाटता लाटता विचारला. मी म्हटलं, "हिशोब." ती म्हणाली, "मग आता काय करता?" मी विषय बदलला.

भाचा बंगळुरूला असतो. त्याला फोन केला. "मामा, बजेट किती?" पंधरा. "ठीक आहे. पण मामा, नऊ हजारांचा प्रोसेसर घेण्यापेक्षा दीड हजार वर टाक, साडेदहात चांगला येतो." बरं. "आणि साडेदहाचा प्रोसेसर घेतोयस तर बोर्ड अगदीच चार हजारांचा नको, त्यात दीड हजार टाक." बरं. "आणि मग आठ जीबी रॅम घालणं म्हणजे..." म्हणजे काय ते त्याने उपमा देऊन सांगितलं. ती मी विसरलो, दीड हजार तेवढे लक्षात राहिले. या धंद्यात कुठलीही वस्तू वाईट नसते. फक्त तिच्यापेक्षा चांगली वस्तू दीड हजारांवर उभी असते आणि तिथून हात हलवत असते. साडीच्या दुकानात निदान गादीवरचा माणूस खालून दुसरा ढीग काढतो तेव्हा आपण बायकोकडे बघून भुवया उंचावू शकतो. इथे तो ढीग आपणच, रात्री साडेअकराला, मोबाइलवर काढत असतो.

शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून फास्ट, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर. या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग असं पाट्यांवर लिहिलेलं आहे, पण तिथे भडकमकर मार्ग कुठे म्हणून विचारलंत तर लोक पत्ता शोधायला मोबाइल काढतात. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ अशी चार वर्षं मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचं नाव अजून वायर, राउटर आणि रॅमच्या जोरावर टिकून आहे.

याच रस्त्यावर मिनर्व्हा टॉकीज होतं. तिथे १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षं चालला. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण तेव्हापासून आजवर या रस्त्यावर पाच वर्षं टिकलेली वस्तू मिळणं कठीण. आमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, ११५५, साल २०११. इंटेलने २०१३ला ११५० काढलं, २०१५ला ११५१. मग २०१७ला जे नवे प्रोसेसर आले त्यांचंही सॉकेट ११५१च, पिनाही तितक्याच, पण जुन्या ११५१ बोर्डावर ते चालायचे नाहीत. सख्खे दिसणारे पण बोलणं बंद असलेले भाऊ असतात तसं. पुढे २०२०ला १२००, २०२१ला १७००. 'शोले'शी स्पर्धा करेल असं एकच सॉकेट मला सापडलं, ते एएमडीचं एएम४. २०१६ साली आलं आणि त्यात बसणारे नवे प्रोसेसर २०२४पर्यंत तरी निघत होते. मिनर्व्हा गेलं, एएम४ आहे.

पहिल्या दुकानात काउंटरवर एक पोरगा होता, विशीतला. शेठ आत फोनवर. मी माझं दुखणं सांगितलं: सुरू व्हायला वेळ लागतो, फाइल उघडायला वेळ लागतो, चहा वाढलाय. त्याने विचारलं, "काका, हार्ड डिस्क जुनीच आहे ना? फिरणारी?" हो. "मग दीड हजार टाका. साधी साटा एसएसडी लावा. पळेल." आणि विंडोज? "हिशोबच करायचाय ना? लिनक्स टाका, फुकट आहे."

मला त्याचा राग आला. मी खिशात पंधरा हजार घेऊन, दोन गाड्यांच्या गर्दीतून, डबा बरोबर घेऊन आलो होतो. मुलगी बघायला टांगा करून जावं आणि मुलीच्या बापाने दारातच सांगावं, की तुम्हाला लग्नाची गरज नाही, जरा व्यायाम करा, तसं झालं. "एवढ्याने काय होणार?" असं म्हणून मी पुढच्या दुकानात गेलो. तिथले शेठ मोठे समजूतदार होते. त्यांनी पहिल्या वाक्यातच मान हलवली. "दुसरी पिढी? साहेब, त्यात आता एक पैसा घालू नका." असं बोलणारा माणूस मला हवाच होता.

मला खरं तर आधी फक्त रॅम हवी होती. आमची डीडीआर३. दुकानात असते डीडीआर४ किंवा ५. दिसायला तिन्ही पट्ट्या बहिणी-बहिणी, पण प्रत्येकीची खाच निराळ्या जागी, म्हणजे एकीच्या जागेत दुसरी बसूच नये अशी सोय. म्हणजे नवी रॅम हवी तर नवा बोर्ड हवा. नवा बोर्ड हवा तर नवा प्रोसेसर. नव्या बोर्डावर प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांची खाच, आमच्या जुन्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, चार पिनांचं टोक. "चारवरही बहुतेक वेळा चालतं," शेठ म्हणाले. 'बहुतेक' हा शब्द मला विजेच्या बाबतीत ऐकवत नाही.

एसएमपीएसबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण बजेटवाला माणूस मार खातो तो इथेच. प्रोसेसरचं नाव चारचौघांत सांगता येतं. एसएमपीएसचं नाव कुणी विचारत नाही. मग पैसे वाचवायचे तर तिथे वाचवतात. लग्नात मांडवाला फुलं पाच लाखांची आणि वायरमन मात्र मावसभावाच्या ओळखीतला स्वस्तातला, असा तो प्रकार. आमच्या जुन्यावर '४५० वॅट' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. मी तो पिशवीतून नमुन्यादाखल नेला होता. शेठनी तो एका हातावर तोलला, कलिंगड तोलतात तसा, आणि म्हणाले, "हलका आहे. आत काही नाही. यावर काय लिहिलंय ते याला कळू देऊ नका." आतलं तांबं, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम यांना वजन असतं. डबा अगदीच हलका लागला तर दाव्यातले निम्मे वॅट छापखान्यात तयार झालेले असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. चांगल्या एसएमपीएसवर '८० प्लस' अशी खूण असते. भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के तो कॉम्प्युटरला पोचवतो, उरलेल्याची उष्णता होते. सोसायटीचा खजिनदार म्हणून सांगतो, शंभरातले ऐंशी मुक्कामी पोचवणारी व्यवस्था दुर्मिळ आहे, तिला चार हजार द्यायला हरकत नाही.

तर दिले. आणि हे बिलासकट दिले. लॅमिंग्टन रोडवर भाव विचारला की उलट प्रश्न येतो, "बिल पाहिजे?" बिल पाहिजे म्हटलं की त्या आकड्यावर अठरा टक्के जीएसटी उभा राहतो. नको म्हटलं तर वॉरंटी शेठच्या स्मरणशक्तीवर. माझा स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास नाही.

रॅम मात्र त्या दिवशी घेतली नाही. पुढच्या खेपेला स्वस्त होईल, असा माझा अंदाज होता. पुढच्या खेपेला ती महाग झाली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. कारण विचारलं तर शेठ म्हणाले, "एआय." जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटरं उभी राहतायत आणि मेमरीच्या कारखान्यांचा माल तिकडे वळतोय. मला आता यात दैवाचा हात दिसायला लागलाय. २०१२ला हार्ड डिस्क घ्यायला गेलो, तर थायलंडचा पूर. २०१७ला आणि पुन्हा २०२१ला मुलाला ग्राफिक्स कार्ड हवं होतं, तर जगातले लोक ती कार्डं लावून क्रिप्टोची नाणी पाडत होते आणि कार्डाची किंमत स्कूटरच्या हप्त्यांसारखी फेडावी लागेल अशी झाली होती. आता रॅम, तर बुद्धीचाच तुटवडा. मी पुढे कधी कीबोर्ड घ्यायचं ठरवलं, तर आधी वर्तमानपत्रात देईन, म्हणजे इतरांना साठा करता येईल.

खरी फजिती मात्र अक्षराने केली, आणि चूक सर्वस्वी माझी. एएम४मध्ये रायझन ५ ५६०० असा एक प्रोसेसर आहे आणि ५६००जी असा दुसरा. जी असलेल्याच्या पोटात ग्राफिक्स असतं, जी नसलेल्याच्या नसतं. इंटेलकडे रीत उलटी. तिथे नावाच्या शेवटी एफ असला की ग्राफिक्स नाही. एकाकडे अक्षर म्हणजे आहे, दुसऱ्याकडे अक्षर म्हणजे नाही. त्यातून जी नसलेल्याला कॅश मेमरी दुप्पट, त्यामुळे तो कागदावर उजवा दिसतो. मी उजवा घेतला. दोनशे रुपये वाचलेही.

घरी येऊन जोडणी केली. मुलगा म्हणाला होता, दुकानात जोडून मिळतं. पण जोडणावळ वाचवायची होती. खोकं जुनंच ठेवलं, कारण त्याला मरण नाही. एटीएक्सचं माप १९९५ साली ठरलं, आणि सॉकेट, रॅम, सगळं बदललं तरी स्क्रूची भोकं अजून त्याच जागी असतात. तेरा वर्षांपूर्वीच्या खोक्यात यंदाचा बोर्ड निमूट बसला. मागच्या पत्र्याच्या चौकटीने दोन बोटं कापली. हा पत्रा ज्याने बनवला त्याच्या घरी विळी नसावी. मग पुढच्या बटणांच्या वायरी. एवढं मोठं यंत्र, आणि ते सुरू करायच्या बटणाची वायर तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनांवर बसवायची. चाळिशीचा चष्मा, वर मुलाच्या मोबाइलचा टॉर्च, आणि पुस्तिकेतल्या अक्षराचा आकार असा, की ती वाचता येणाऱ्याला अपग्रेडची नाही, पायलटची नोकरी मिळावी.

बटण दाबलं. पंखे फिरले. दिवा लागला. पडदा काळा.

रॅम काढून खोडरबराने घासली. नवी कोरी रॅम. सवय.

दोन तासांनी बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर भाच्याने प्रोसेसरचा डबा वाचायला सांगितला. "मामा, जी कुठाय?" मी डबा उलटा केला, आत बघितलं. जी नव्हता.

सोमवारी रजा टाकून पुन्हा ग्रँट रोड. शेठनी दोन उपाय सांगितले. एक, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, "ऑफिसात वापरलेलं, फक्त एक्सेल". सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमची व्यवस्था बदलली आणि कार्डं लावून ते नाणं पाडायचा धंदा बसला. तेव्हा रात्रंदिवस राबलेली किती कार्डं बाजारात आली, आणि त्यांतल्या किती जणांनी नंतर आयुष्यभर एक्सेलच केल्याचं सांगितलं, ते मी ऐकून होतो. दुसरा उपाय, हा प्रोसेसर परत द्या आणि 'जी'वाला घ्या. फरक?

"दीड हजार टाका."

टाकले. आता चित्र दिसलं. एकूण आकडा सांगतो. बजेट पंधरा होतं. बायकोला मी बावीस सांगितले, भाच्याला सव्वीस. एकोणतीस हजार सातशे झाले, हे आज पहिल्यांदा लिहितोय. ती हा लेख वाचणार नाही, तिला कॉम्प्युटरवरचं काही वाचायला आवडत नाही.

कॉम्प्युटर अकरा सेकंदांत सुरू होतो. मी तो आल्या-गेल्याला सुरू करून दाखवतो, बंद करतो, पुन्हा सुरू करतो. हिशोब तेवढाच आहे. तीन सभासदांची थकबाकीही तेवढीच आहे, ती आता लवकर दिसते. चहाची वेळ उरलेली नाही. परवा मी आधी चहा केला, प्यायलो, कप विसळला आणि मग बटण दाबलं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मुलगा माळ्यावरचं सामान काढत होता. तिथे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मी काढलेलं सगळं जपून ठेवलं होतं: जुना बोर्ड, प्रोसेसर, पंखा, चार जीबी रॅम, हलका एसएमपीएस. यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्याने ते सगळं नव्या बोर्डाच्या रिकाम्या डब्यावर मांडलं, वायरी जोडल्या, एसएमपीएस मात्र माझ्या हाताने तोलून बघितल्यावर मित्राकडचा जुना पण जड असलेला आणला, आणि स्वतःच्या पैशाने आणलेली एक छोटी एसएसडी लावून लिनक्स मिंट टाकलं. बटणाऐवजी दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं.

मी सवयीने आत चहा टाकायला गेलो. गॅस पेटवेपर्यंत बाहेरून हाक आली, "बाबा, एक्सेलसारखं उघडलं!"

"केवढ्याला पडली ती एसएसडी?" मी विचारलं. मुलाने आकडा सांगितला. तुमच्या लक्षात आला असेल.

बायको दोन्हींच्या मध्ये उभी राहून एकदा टेबलावरच्याकडे, एकदा पुठ्ठ्यावरच्याकडे बघत होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वहीपूजन म्हणून सोसायटीचा हिशोब ज्याच्यात, त्याची पूजा करायची, असं ठरलं. तो नेमका कुणात, असा प्रश्न निघाला. तिने जुन्याकडे बोट दाखवलं आणि आईची कुयरी घेऊन आली. पण खोकं नसल्यामुळे कुंकू लावायला त्याला कपाळच नव्हतं. ती बोट भरून हिरव्या बोर्डावरची मोकळी जागा शोधत वाकली, आणि आम्ही दोघेही एकदम ओरडलो, "तिथे नको!"